कीबोर्डचा पडसाद आणि भाविकांचा कंठ

बेळगावच्या कॅम्पापासून निपाणीच्या बाजारपेठेपर्यंत आपल्या सीमाभागातील लहानमोठ्या देवालयांत आज हार्मोनियमच्या जागी कीबोर्ड येऊन बसला आहे. पेटीला भाता होता आणि कीबोर्डला वीज लागते, एवढाच भेद असता तर त्यासाठी स्वतंत्र लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ह्या नव्या वाद्याच्या पोटात दोन अशा शक्ती दडलेल्या आहेत की, ज्या जुन्या पेटीपाशी नव्हत्या, किंवा अगदी अल्प प्रमाणात होत्या. वाजविलेला स्वर काही क्षणांनी पुनःपुन्हा ऐकविणे ही पहिली. तिला वादक ‘डिले’ म्हणतात, इतरेजन ‘एको’ म्हणतात. स्वर जेथे उमटला तेथून उचलून वर किंवा खाली नेऊन ठेवणे ही दुसरी. दोन्ही शक्ती बोटाच्या एका दाबाने जाग्या होतात. आणि त्या केव्हा निजवाव्यात, हे मात्र यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले नसते.

ह्या गोष्टीचा आपल्या उपासनेशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याने एखाद्या रविवारी मिस्सेच्या वेळी अगदी मागच्या बाकावर बसून पाहावे. प्रवेशगीताचे पहिले कडवे बहुतेक सर्व जण म्हणतात. दुसऱ्या कडव्यात गीत जेथे उंच जाते तेथे वृद्ध स्त्रिया थांबतात, मग पुरुष थांबतात, आणि तिसऱ्या कडव्याला कीबोर्ड, ध्वनिक्षेपक आणि पुढे उभे असलेले पाच-सहा तरुण एवढेच उरतात. ज्या आजीबाईंना ते गीत चाळीस वर्षे तोंडपाठ आहे, त्या गीतपुस्तिका मिटून शांत बसतात. लोकांची श्रद्धा उणावली, असा निष्कर्ष ह्यावरून काढण्याची घाई होते. आमच्या मते कित्येकदा दोष श्रद्धेचा नसून दोन बटनांचा असतो.

प्रथम पडसादाविषयी. हा चमत्कार जपानी कारखान्यांच्याही आधी आपल्याच बाजूच्या शिल्पकारांनी दगडचुन्यात करून ठेवला आहे. विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. महंमद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये निवर्तला. घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. वरच्या सज्जात उभे राहून टाळी वाजविली की ती पुनःपुन्हा परत येते आणि भिंतीशी केलेली कुजबूज समोरच्या बाजूला कानात सांगावी तशी ऐकू येते. ह्याचे गणित सोपे आहे. ध्वनी एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो. समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला ७६ मीटर चालावे लागते, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. तेवढ्या अवधीत कानाला मूळ टाळी आणि तिचा पडसाद वेगळे ओळखता येतात. अंतर फार कमी असेल तर कान दोहोंना एकच आवाज समजतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये ह्याचा पद्धतशीर अभ्यास केला. एका सेकंदाचे सुमारे तीस-चाळीस हजारांश भाग उलटण्याच्या आत आलेला पडसाद आपणांस पडसाद म्हणून जाणवतच नाही, मूळ आवाज थोडा भरदार झाला इतकेच वाटते. ह्या हजारांश भागाला ‘मिलीसेकंद’ म्हणतात आणि कीबोर्डवरील डिले मोजण्याचे मापही तेच आहे.

आता गोलघुमटात उभे राहून कोणी शुभवर्तमान वाचू लागला, तर काय होईल ते पाहा. सावकाश, स्पष्ट वाचनात सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारली जातात. म्हणजे पहिल्या अक्षराचा पडसाद नेमका दुसऱ्या अक्षरावर येऊन बसणार, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. टाळी गमतीची वाटते. वाक्य मात्र बुडते. कीबोर्डवर किंवा गायकाच्या माईकवर मोठा डिले लावणारा तरुण आपल्या छोट्या देवालयात नकळत गोलघुमटच आणून बसवीत असतो. आणि देवालयाला स्वतःचा पडसाद नसतो असे थोडेच आहे? कौलारू छपराच्या जुन्या प्रार्थनागृहात तो कमी असतो, कारण कौले आणि लाकूड आवाज पिऊन टाकतात व फटींतून काही बाहेर जातो. सिमेंटचा स्लॅब, फरशी, काचेच्या खिडक्या आणि उंच वेदीमागील गुळगुळीत भिंत असलेल्या नव्या इमारतीत तो भरपूर असतो. दोन पडसाद एकत्र आले की त्यांतून निघते ती नुसती गुणगुण.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, बटनाला हात लावण्यापूर्वी वादकाने रिकाम्या देवालयाच्या मध्यभागी उभे राहून एक जोराची टाळी वाजवावी व ती विरण्यास किती वेळ लागतो हे ऐकावे. मनात ‘एक, दोन’ मोजेपर्यंत ती घुमत असेल, तर त्या देवालयाला यंत्राच्या डिलेची मुळीच आवश्यकता नाही. टाळी कोरडी, लाकडासारखी ऐकू आली तर थोडा द्यावा. मात्र एक ध्यानात ठेवावे: माणसांचे अंग आणि कपडे आवाज शोषून घेतात. शनिवारी सायंकाळी तालमीच्या वेळी जे प्रमाण योग्य वाटले, ते रविवारी भरल्या देवालयात कोरडे वाटेल, आणि वादक मिस्सा चालू असतानाच बटन वर सरकवील. हा मोह टाळावा. तो जेथे बसतो तेथे त्याच्या कानाशी वेगळा ध्वनिक्षेपक असतो. मागच्या बाकावर काय पोहोचते हे त्याला तेथून कळणे शक्य नाही. एखाद्या जाणत्या मुलीला मागे बसवावे आणि तिला एकच प्रश्न विचारावा: ‘शब्द कळला का?’ सूर गोड लागला का, हा प्रश्न नंतरचा.

डिलेची बटने साधारणतः तीन असतात. पहिले काळाचे: पडसाद किती मिलीसेकंदांनी यावा. दुसऱ्याला ‘फीडबॅक’ म्हणतात. पडसादाचाही पडसाद किती निघावा हे ते ठरविते. ते निम्म्यावर ठेवले तर प्रत्येक आवृत्ती आधीच्या निम्म्या जोराची होते आणि चार-पाच वेळांत विरते. शंभरावर नेले तर ती विरतच नाही. तिसरे बटन मूळ स्वर व पडसाद ह्यांच्या प्रमाणाचे. तिन्हींत हे तिसरे बटन सर्वांत महत्त्वाचे असून नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. पडसाद ‘ऐकू येतो’ इतका असेल तर तो जास्त झाला. बंद केल्यावर ‘काहीतरी गेले’ असे वाटावे, इतकाच तो असावा. काळ ठरविताना गीताची लय धरावी. साठ हजाराला मिनिटातील मात्रांच्या संख्येने भागले की एका मात्रेचे मिलीसेकंद मिळतात. मिनिटाला ऐंशी मात्रांची चाल असेल तर ७५०, आणि अर्ध्या मात्रेला ३७५. पडसाद लयीत पडला की तो निदान टाळमृदंगाशी भांडत नाही. परंतु हे झाले वाद्याच्या स्वरासाठी. गायकाच्या माईकला, आणि विशेषतः वाचकाच्या व धर्मगुरूंच्या माईकला, डिले सर्वथा बंद असावा. प्रतिसाद स्तोत्र हे देवाच्या वचनाचेच वाचन आहे, फक्त सुरात. त्यालाही हाच नियम लागू करावा.

आपल्या भागात ह्या गोष्टीला आणखी एक कारण आहे. येथे एकाच बाकावर कोकणी, मराठी व कन्नड बोलणारी कुटुंबे बसतात. घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेले मूल, किंवा कारवारकडून लग्न होऊन आलेली सून, मराठी गीताचा अर्थ शब्द नीट कानी पडला तरच लावू शकते. ज्याची ती मायबोली आहे तो ‘दान’ की ‘गान’ हे अंदाजाने ओळखील. दुसऱ्याला अंदाजाचा आधार नाही. १६१६ साली राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज येशूसंघीयाने मराठी ओवीत रचले, ते लोकांना ऐकून समजावे म्हणूनच. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनंतर ५ मार्च १९६७ रोजी निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनेत वाद्यांचे काम स्पष्ट सांगितले आहे: त्यांनी गळ्यांना आधार द्यावा, भाविकांचा सहभाग सुलभ करावा, पण शब्द ऐकू येणे कठीण व्हावे इतके गायनावर आक्रमण करू नये, आणि धर्मगुरू आपल्या अधिकाराने काही मोठ्याने म्हणत असता वाद्यांनी गप्प राहावे. त्या काळी कीबोर्डचा डिले कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता, तरी नियम त्याला तंतोतंत लागू पडतो.

आता दुसरी शक्ती. स्वर वरखाली सरकविण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत व त्यांची गल्लत पुष्कळ होते. पहिल्याला ‘ट्रान्सपोज’ म्हणतात. ह्यात बोटे तीच राहतात, पट्टी बदलते. आपल्या पेटीवाल्यांना हे नवे नाही. ‘स्केल-चेंजर’ पेटीत सबंध पट्ट्यांची चौकट सरकवून हेच साधत. बेळगाव ही तर पेटीवादकांची भूमी. पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) ह्यांनी येथे राहून हार्मोनियमच्या विद्येत पिढ्या घडविल्या. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, तेव्हाही ही पेटी आमच्याकडच्या घराघरांत वाजतच होती. यंत्रावरून वाद घालण्याची आपली परंपरा अशी जुनी आहे!

पेटीवाला गवयाला सर्वप्रथम ‘पट्टी कोणती?’ असे विचारतो: काळी एक, पांढरी चार, की काळी पाच. गळ्याला पट्टी, हा क्रम होता. गंगूबाई हनगल ह्यांचा आवाज घशाच्या उपचारानंतर खाली उतरून पुरुषी भासू लागला, तेव्हा त्यांनी त्या खालच्या पट्टीतच आपले गाणे उभे केले आणि त्याच आवाजाने त्या अखिल भारतात ओळखल्या गेल्या. देवालयात मात्र क्रम उलटा झालेला दिसतो. ध्वनिफितीतील गायिकेची पट्टी, किंवा वादकाच्या बोटांना सोयीची पट्टी, तीच शंभर-दोनशे भाविकांवर लादली जाते.

ह्यावर उपाय अवघ्या दोन मिनिटांचा आहे. गीतातील सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा स्वर शोधावा. समजा, पांढरी एक षड्ज धरून गीत वरच्या सप्तकातील गंधारापर्यंत जाते. तो गंधार म्हणजे वरची पांढरी तीन. गायकवृंदातील मुलींना सहज, पण मागच्या बाकावरच्या बहुतेकांना ताण देणारा. ट्रान्सपोजचे बटन दोन अर्धस्वर खाली, म्हणजे ‘उणे दोन’ वर आणले की तोच गंधार पांढरी दोनवर येतो आणि गळे मोकळे होतात. मात्र खाली आणताना मंद्रातील स्वर फारच खोल जात नाहीत ना, हेही पाहावे. सकाळी सहाच्या मिस्सेला गळा अजून जागा झालेला नसतो. तीच गीते आणखी अर्धस्वर खाली घेतल्यास कोणी तक्रार करीत नाही. आणि शेवटच्या कडव्याला एकदम अर्धस्वर वर उडी मारण्याची चित्रपटातून आलेली जी सवय आहे, तिने भाविकांना हमखास बाहेर फेकले जाते. ती सभागृहात शोभेल.

एक दक्षता: मिस्सेनंतर ट्रान्सपोज शून्यावर आणून ठेवावा. पुढचा वादक निर्धास्तपणे बसतो आणि पहिल्याच स्वराला गायकवृंद गोंधळतो. जेथे जुनी पेटी व कीबोर्ड एकत्र वाजतात, तेथे आणखी एक बारीक बटन उपयोगी येते. कीबोर्ड सहसा मध्यसप्तकातील धैवत, म्हणजे पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपनांवर लावलेला असतो. हे माप आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९५५ मध्ये शिफारस म्हणून मान्य केले. पेटी त्याहून किंचित चढी किंवा उतरी असेल तर पेटी बदलता येत नाही. कीबोर्डच दोन-तीन कंपने सरकवावा.

स्वर सरकविण्याचा दुसरा प्रकार ह्याहून वेगळा आणि अधिक विचार करावयास लावणारा आहे. ट्रान्सपोजमध्ये यंत्र केवळ दुसरी पट्टी दाबल्याचे समजते. स्वर अस्सल राहतो. ‘पिच-शिफ्ट’मध्ये मात्र उमटलेला आवाजच, मग तो वाद्याचा असो की मनुष्याचा, यंत्र स्मृतीत साठविते आणि कमी-अधिक वेगाने वाचून उंच वा खोल करते. फितीच्या काळात फीत जोरात फिरविली की आवाज चिरका होई आणि गाणेही लवकर संपे. अमेरिकेतील इव्हेंटाइड कंपनीने १९७५ मध्ये काढलेल्या यंत्राने गाण्याचा वेग तोच ठेवून स्वर वर-खाली करून दाखविला. त्यासाठी ते आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा सांधते. म्हणूनच प्रमाण वाढले की आवाज थरथरल्यासारखा, डब्यातून आल्यासारखा होतो. एक-दोन अर्धस्वरांपर्यंत हे खपून जाते, पुढे नाही.

ह्याच युक्तीने आज एका गायिकेच्या आवाजातून यंत्र दुसरा व तिसरा आवाज निर्माण करते. माईक एक, गाणारी एक, ऐकू येतात तिघी. गायकवृंदाला माणसे मिळत नाहीत, तालमीला कोणी येत नाही, मग ही सोय का घेऊ नये, असे तरुण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर आधी संगीताच्याच भाषेत देता येते. साध्या यंत्राला ‘चार अर्धस्वर वर’ एवढेच सांगता येते. षड्जाला ते शुद्ध गंधाराची जोड देते, छान. मध्यमाला धैवत, पंचमाला निषाद, तेही योग्य. परंतु ऋषभाला ते मध्यमाऐवजी तीव्र मध्यम देते, गंधाराला पंचमाऐवजी कोमल धैवत, धैवताला षड्जाऐवजी कोमल ऋषभ आणि निषादाला ऋषभाऐवजी कोमल गंधार. सातांपैकी चार जोड्या चुकल्या! महागड्या यंत्राला गीताची पट्टी आधी सांगितली तर ते ह्या चुका टाळते, पण गीत मध्येच एखादा परका स्वर घेते तेव्हा तेही फसते. ज्या मुलीला शेजारी उभ्या असलेल्या बहिणीचा सूर ऐकून आपला सूर धरण्याची सवय आहे, ती तेथे फसत नाही.

आणि दुसरे उत्तर. गोव्याच्या धर्मग्रामीय शाळांतून मेस्त्री मुलांना धर्मशिक्षणाबरोबर सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत. तेथूनच पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांपर्यंत गेलेले वादक निपजले. आपला बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्याच्या महाधर्मप्रांतापासून वेगळा झाला, म्हणजे ती परंपरा आपल्याही घरची आहे. दुसरा आवाज गाणे ही त्या शिक्षणातील पहिली शिस्त असे: स्वतः ठाम राहावयाचे आणि दुसऱ्याचे ऐकावयाचे. यंत्राने दुसरा आवाज पुरविला की गीत भरदार होते खरे, पण बारा वर्षांच्या ज्या मुलाला ह्या वर्षी त्या जागी उभे करावयाचे होते, तो बाकावरच राहतो. आणखी पाच वर्षांनी ‘गायकवृंदाला माणसे मिळत नाहीत’ हे वाक्य अधिकच खरे झालेले असेल. आमचे मत विचाराल तर यंत्राचा दुसरा आवाज तालमीत मुलांना ऐकविण्यापुरता वापरावा, आणि तो शिकून झाला की बंद करावा.

पवित्र सभेने यंत्रांविषयी नेहमी सावध पण मोकळे धोरण ठेवले आहे. परमगुरू दहावे पायस ह्यांनी १९०३ मध्ये पियानोलाही देवालयात मनाई केली होती. १९५८ च्या सूचनेत विजेवर चालणारा ऑर्गन, पाइप-ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तेथे, बिशपांच्या संमतीने तात्पुरता चालवून घेतला गेला. मात्र ध्वनिमुद्रिका व तत्सम आपोआप वाजणारी यंत्रे उपासनेत पूर्णतः निषिद्ध ठरविली. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने पाइप-ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांनाही दार उघडले, पण ती पवित्र कार्यास योग्य, मंदिराच्या प्रतिष्ठेस साजेशी आणि भाविकांच्या आध्यात्मिक हिताची असावीत, ह्या अटीवर. प्रायश्चित्तकाळात तर वाद्याने केवळ गायनाला आधार द्यावा, असा नियम आजही आहे. त्या चाळीस दिवसांत डिले शून्यावर ठेवून पाहण्यासारखा आहे. कित्येक ठिकाणी लोकांना आपलाच आवाज पुष्कळ दिवसांनी ऐकू येईल.

डिलेचा सर्वथा तिरस्कार करावा असे मात्र नाही, कारण एके ठिकाणी त्याच्यावाचून चालत नाही. सणाच्या दिवशी किंवा १३ मे रोजी फातिमा मातेच्या उत्सवात मिस्सा उघड्या मैदानावर होते. तेथे भिंती नाहीत, पडसाद नाही. वाद्याला किंचित डिले दिला तर स्वर उघडा पडत नाही. पण खरी अडचण वेगळीच असते. वेदीजवळ एक ध्वनिक्षेपक आणि साठ मीटर मागे दुसरा, अशी मांडणी असते. विजेच्या तारेतून आवाज मागच्या ध्वनिक्षेपकापर्यंत तत्क्षणी पोहोचतो, हवेतून पुढच्याचा आवाज मात्र सुमारे १७५ मिलीसेकंदांनी येतो. मागे बसलेल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि गाताना कोणता सूर धरावा हे समजत नाही. मागची माणसे पुढच्यांच्या अर्धी मात्रा मागे राहतात ती ह्यामुळेच. येथे मागच्या ध्वनिक्षेपकालाच तेवढा डिले द्यावयाचा असतो, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र येतात. वर आणखी दहा-पंधरा मिलीसेकंद दिले तर आवाज वेदीकडूनच येत आहे असे कानाला वाटते. हे काम कीबोर्डचे नव्हे, मांडवातील ध्वनियंत्रणेचे आहे. आजकालच्या बहुतेक मिक्सरमध्ये ती सोय असते. आदल्या दिवशी मोजपट्टी घेऊन दोन ध्वनिक्षेपकांमधील अंतर मीटरमध्ये मोजावे, त्याला तीनाने गुणावे, आलेल्या संख्येत थोडे वाढवून तो आकडा कागदावर लिहून यंत्र चालविणाऱ्याच्या हाती द्यावा.